महाधमनीतील रक्तप्रवाहाचे चित्रण आणि वार्धक्यात होणारे बदल

मनगटावर तीन बोटे ठेवून वैद्य ज्या स्पंदनाचा विचार करतो, त्याचा जन्म मनगटापासून बराच दूर, हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघणाऱ्या महाधमनीत होतो. ही महाधमनी आपण सर्वांनी शारीर विषय शिकताना पाहिलेली असते. परंतु ती शवातील, रिकामी आणि निश्चल. जिवंत मनुष्याच्या महाधमनीतून रक्त प्रत्यक्षात कसे जाते, सरळ जाते की वळसे घेत जाते, हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या काळात तेथे काय घडते, हे पाहण्याचे साधन गेल्या तीस-पस्तीस वर्षांतच उपलब्ध झाले. त्या साधनाने तरुण आणि वृद्ध यांच्या प्रवाहातील जो फरक दाखविला, तो आपल्यासारख्या ग्रामीण भागात चिकित्सा करणाऱ्या वैद्यांच्या आणि औषधालय चालविणाऱ्यांच्या दैनंदिन व्यवहाराशी थेट संबंध असणारा आहे. म्हणून या विषयाची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न.

प्रारंभी आपल्या शास्त्रातील संज्ञांकडे पाहणे उचित होईल. धमनी हा शब्द ‘ध्मा’ या धातूपासून आला आहे. ध्मा म्हणजे फुंकणे, भाता चालविणे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात धमनी, स्रोतस् आणि सिरा या तिन्ही शब्दांची उपपत्ती त्यांच्या कार्यावरून लावली असून हृदयातून निघणाऱ्या दहा महामूलांचे वर्णन केले आहे. सुश्रुताचार्य मात्र चोवीस धमन्यांचे मूळ नाभीच्या ठिकाणी मानतात. प्राचीनांनी धमनीचे लक्षण करताना नळीच्या आकारापेक्षा तिच्या क्रियेला महत्त्व दिले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण आधुनिक शरीरक्रियाविज्ञानही शेवटी याच ठिकाणी पोचले. महाधमनी ही केवळ रक्त वाहून नेणारी नळी नसून ती स्वतः एक भाता आहे.

हे थोडे विस्ताराने पाहू. निरोगी प्रौढ मनुष्याचे हृदय दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलते. हे काम एका ठोक्याच्या काळापैकी जेमतेम एकतृतीयांश वेळात उरकते. उरलेल्या दोनतृतीयांश वेळात हृदयाची झडप बंद असते, तरीही बोटांच्या टोकापर्यंत रक्त वाहतच असते. असे का? कारण ढकललेल्या रक्तापैकी जवळजवळ निम्मे रक्त महाधमनी आपल्या भिंती ताणून क्षणभर स्वतःत साठवून घेते आणि झडप बंद झाल्यावर त्या भिंती पूर्ववत होताना ते पुढे सोडते. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली या क्रियेची तुलना त्या काळच्या आग विझविण्याच्या बंबातील हवेच्या कोठीशी केली होती. दांडा वर-खाली होत असला तरी कोठीतील दाबलेल्या हवेमुळे पाण्याची धार अखंड राहते. आपल्याकडील शेतकऱ्याला पाठीवरच्या फवारणी पंपावरून हे तत्काळ समजते. १८९९ साली जर्मनीतील ओटो फ्रांक यांनी या कल्पनेला गणिताचे रूप दिले.

प्रवाह डोळ्यांना दिसावा ही इच्छा मात्र याहूनही जुनी. लिओनार्दो द विंची यांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी महाधमनीच्या मुळाशी असलेल्या तीन फुगवट्यांत रक्ताचे भोवरे निर्माण होत असावेत आणि त्या भोवऱ्यांमुळेच झडपेच्या पाकळ्या हळुवारपणे मिटत असाव्यात, असे रेखाटून ठेवले. साडेचारशे वर्षांनी, १९६०च्या दशकाच्या अखेरीस, प्रयोगशाळेतील प्रतिकृतींवर हे अनुमान पडताळले गेले. केवळ निरीक्षण आणि तर्क यांच्या बळावर केलेले इतके अचूक विधान वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच आढळते.

आता चित्रणाच्या साधनाविषयी. एम.आर.आय. यंत्र शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणुकेंद्रांकडून संकेत मिळवून चित्र तयार करते, हे आपणांस ज्ञात आहेच. चुंबकीय क्षेत्रात ही अणुकेंद्रे भोवऱ्याप्रमाणे डुलत असतात. क्षेत्राची तीव्रता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्रमाने बदलती ठेवली, तर जे अणुकेंद्र स्थिर आहे त्याचे डुलणे आणि जे रक्ताबरोबर पुढे सरकले त्याचे डुलणे यांत अंतर पडते. हे अंतर वेगाच्या प्रमाणात असते. म्हणजे संकेतातील हा फरक मोजला की त्या ठिकाणच्या रक्ताचा वेग कळतो. हे मोजमाप लांबी, रुंदी व खोली अशा तिन्ही दिशांना केले आणि ठोक्याच्या वीस ते तीस टप्प्यांवर पुन्हा पुन्हा केले, की छातीतील संपूर्ण महाधमनीच्या प्रत्येक बिंदूवरील वेग आणि दिशा हाती येते. तीन दिशा आणि चौथा काळ, म्हणून यास ‘फोर-डी फ्लो’ असे नाव पडले. यात क्ष-किरण नसतात आणि रंगद्रव्याचे इंजेक्शनही अनिवार्य नसते. हा भाग रुग्णाच्या दृष्टीने सोयीचा.

या चित्रांत रक्ताचे मार्ग रंगीत रेषांनी दाखविलेले असतात. ते पाहताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. एक, तांबडा व निळा हे रंग येथे शुद्ध-अशुद्ध रक्ताचे नसून बहुधा जास्त व कमी वेगाचे द्योतक असतात. दुसरे, ते चित्र एका ठोक्याचे नसते. काही मिनिटे चाललेल्या तपासणीतील शेकडो ठोक्यांची ती सरासरी असते. त्यामुळे ज्याची नाडी अनियमित आहे अशा रुग्णाचे चित्र पुसट येते आणि प्रवाहातील सूक्ष्म खळबळ सरासरीत हरवून जाते. चित्राची बारकाई साधारणतः दोन ते अडीच मिलिमीटर; म्हणजे भिंतीलगत नेमके काय घडते ते थेट दिसत नाही, गणिताने काढावे लागते. आकर्षक रंगांमुळे ही मर्यादा विसरली जाते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९९३ साली लंडनमधील फिलिप किलनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी व्यक्तींच्या महाधमनीच्या कमानीतील प्रवाहाचे असे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात दिसले ते असे : हृदयाच्या आकुंचनाच्या उत्तरार्धात रक्त कमानीतून जाताना मळसूत्राप्रमाणे पीळ घेत पुढे जाते. प्रवाहाच्या दिशेने पाहिले असता हा पीळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने असतो. आकुंचन संपता संपता कमानीच्या आतल्या वळणालगत काही रक्त उलट, हृदयाच्या दिशेने येऊ लागते आणि झडपेमागील फुगवट्यांत शिरते. हा दोष नव्हे, स्वाभाविक अवस्था आहे.

रक्ताला पीळ का पडतो हे आपल्या भागातील वाचकांना पुस्तकापेक्षा कालव्यावर अधिक चांगले समजेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूर परिसराची शेती घडविली. कालव्याच्या किंवा ओढ्याच्या वळणावर उभे राहून पाहावे. वरच्या थरातील वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे फेकले जाते, तळाचे संथ पाणी आतल्या काठाकडे सरकते आणि या दोहोंच्या मेळाने पाणी पीळ घेत पुढे जाते. बाहेरचा काठ खरवडला जातो, आतल्या काठाला गाळ बसतो. पाटकरी हे जाणतो. महाधमनीची कमान म्हणजे असेच एक वळण आहे; फरक इतकाच की तिचे काठ लवचीक असून तिचे पाणी सेकंदाला एकदा थांबते व पुन्हा सुटते. तेथेही कमानीचा आतला भाग आणि शाखा फुटण्याची ठिकाणे, म्हणजे जेथे प्रवाह संथ व दोलायमान असतो अशा जागा, मेदाचे थर साचण्यास अधिक अनुकूल ठरतात. रक्ताचा व्यवस्थित पीळ भिंती धुऊन काढतो आणि रक्त एका जागी साकळू देत नाही, असे मानले जाते.

आता वार्धक्याकडे वळू. १९९९ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथील बोग्रेन व बुओनोकोर यांनी तरुण आणि वृद्ध अशा दोन्ही वयोगटांतील निरोगी व्यक्तींच्या महाधमनीतील प्रवाहाचे नकाशे शेजारी शेजारी ठेवून अभ्यासिले. येथे निरोगी हा शब्द महत्त्वाचा. हे वृद्ध रुग्ण नव्हते. तरीही त्यांचा प्रवाह तरुणांसारखा नव्हता. पुढील दोन दशकांत अधिक मोठ्या संख्येने तपासण्या झाल्या आणि चित्र स्पष्ट होत गेले. वय वाढते तशी महाधमनीची उगमाकडील बाजू रुंदावते, कमान लांबते व पसरट होते. छातीच्या साध्या क्ष-किरण चित्रातही वृद्धांची महाधमनी उलगडल्यासारखी दिसते, हे अनेकांनी पाहिले असेल. नळी रुंदावली की त्याच प्रमाणातील रक्त त्यातून संथपणे जाते. त्यामुळे कमाल वेग कमी होतो, भिंतीवरील रक्ताचे घर्षण कमी होते, सुबक पिळाच्या जागी मोठे व रेंगाळणारे भोवरे दिसू लागतात आणि उलट वाहणाऱ्या रक्ताचे प्रमाण वाढते.

असे घडण्याचे मूळ भिंतीत आहे. महाधमनीच्या मधल्या थरात इलास्टिन नावाच्या लवचीक तंतूंची पत्रे एकावर एक रचलेली असतात. हे तंतू शरीर प्रामुख्याने गर्भावस्थेत व बाल्यात तयार करते. पुढे आयुष्यभर जवळजवळ तीच पुंजी वापरावी लागते. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून अधिक आणि सत्तर वर्षांत अडीचशे कोटींहून अधिक वेळा या तंतूंना ताण बसतो. ते तुटतात, त्यांच्यावर चुन्याचे कण बसतात आणि ताण पेलण्याचे काम हळूहळू कोलॅजन या ताठ तंतूंवर येऊन पडते. भाता जुना होऊन त्याचे कातडे कडक झाल्यावर लोहाराला जो अनुभव येतो, तोच येथे येतो.

या ठिकाणी संज्ञांच्या एका घोळाविषयी लिहिणे आवश्यक वाटते. चरकाचार्यांनी कफाच्या वीस नानात्मज विकारांत धमनीप्रतिचय सांगितला आहे. हल्ली पाठ्यपुस्तकांतून आणि औषधांच्या माहितीपत्रकांतून धमन्यांच्या कोणत्याही काठिण्याला धमनीप्रतिचय म्हणण्याची रीत पडली आहे. मेदाचे थर धमनीच्या आतल्या अस्तरात साचतात. प्रतिचय म्हणजे साचणे, तेव्हा त्या विकाराला ही संज्ञा शोभते. पण वयोमानाने मधल्या थरातील लवचीकपणा जाणे ही वेगळी घटना आहे. तेथे काही साचण्यापेक्षा काही झिजते, रुक्ष व खर होते. वार्धक्यात वायूचे प्राधान्य सांगणाऱ्या आपल्या शास्त्राच्या चौकटीत ती वाताच्या बाजूस अधिक जाते. एकाच वृद्धात दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात, किंबहुना बहुधा असतातच. तथापि जे लेखन द्रव्य ‘धमनीतील अडथळा दूर करते’ असे सांगून वार्धक्यातील काठिण्यही दूर होईल असे सुचविते, ते शास्त्राला धरून नाही. तुटलेले इलास्टिन पूर्ववत करणारे औषध आज कोणत्याही पद्धतीत उपलब्ध नाही.

भिंत ताठ झाल्याचे परिणाम दाबाच्या आकड्यांत उमटतात, आणि येथे विषय आपल्या दवाखान्यात येऊन पोचतो. ताणून घेण्याची शक्ती कमी झालेल्या महाधमनीत हृदयाने रक्त ढकलले की वरचा दाब अधिक चढतो. साठवण कमी झाल्याने ठोक्यांच्या मधल्या काळात पुढे सोडण्यास रक्त कमी उरते, म्हणून खालचा दाब उतरतो. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ सालापासून चाललेल्या निरीक्षणात हेच आढळले : वरचा दाब वयाबरोबर वाढतच जातो, खालचा मात्र पन्नाशी-साठीपर्यंत वाढून नंतर उतरू लागतो. त्यामुळे वृद्धाचा दाब १७०/७० असा भरतो. दोन आकड्यांतील हे वाढलेले अंतर म्हणजे महाधमनीच्या ताठपणाची दारात उभी राहिलेली खूण होय.

नाडीच्या स्पर्शात हे कसे जाणवेल? मनगटाशी बोटांना जाणवते ते रक्त हृदयातून तेथवर पोचल्यामुळे नव्हे. कालव्याचे दार उघडल्यावर पाण्याचा फुगवटा पाण्याच्या आधी पुढे धावतो, तशी ही दाबाची लाट असते. महाधमनीत रक्ताचा कमाल वेग सेकंदाला सुमारे एक मीटर. लाटेचा वेग तरुणात पाच-सहा मीटर आणि वृद्धात दहा-बारा मीटरपर्यंत. हृदयापासून मनगटापर्यंत ती सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळात येते. नळी जितकी ताठ तितकी लाट वेगवान. पुढच्या शाखांवर आपटून परतणारी लाट तरुणात हृदय विसावल्यावर माघारी येते व हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांना रक्त मिळण्यास साहाय्य करते. वृद्धात ती लवकर, हृदयाचे आकुंचन चालू असतानाच, माघारी येऊन त्याच्यावर भार टाकते.

परिणामी वृद्धाची नाडी बोटांना भरीव, उसळती, कठीण लागते. शार्ङ्गधरसंहितेपासून रूढ झालेल्या नाडीपरीक्षेत दोषांनुसार जळू, सर्प, बेडूक, हंस यांच्या गतींचे दृष्टांत दिले आहेत. ते गतीचे वर्णन आहे; दाबाचे मोजमाप त्यात अभिप्रेत नाही. ‘नाडी अजून जोरदार आहे, आजोबा शंभरी गाठणार’ असे कौतुकाने म्हटले जाते त्या आजोबांचा दाब मोजल्यास अनेकदा तो १८० च्या घरात निघतो. जोरदार नाडी हे येथे बलाचे नव्हे, भिंतीच्या काठिण्याचे लक्षण असते. दाबयंत्राचा पट्टा पूर्ण फुगवून स्पंदन थांबल्यावरही मनगटाची धमनी दोरीसारखी बोटाखाली घोळत असेल, तर तिच्या भिंतीत चुना बसलेला आहे असे समजावे. अशा हातावर यंत्राचा आकडा वास्तवापेक्षा अधिकही येऊ शकतो, हे तारतम्य ठेवावे.

उलट प्रवाहाविषयी एक शोध येथे नमूद केला पाहिजे. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील आंद्रेआस हार्लोफ व सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांचा या पद्धतीने अभ्यास केला. कमानीच्या पुढे, उतरत्या महाधमनीच्या सुरुवातीस साचलेल्या थरांमुळे मेंदूला धोका नाही असे पूर्वी मानले जाई. कारण मेंदूकडे जाणाऱ्या शाखा त्याच्या अलीकडेच फुटतात आणि रक्त पुढे जाते, मागे येत नाही. चित्रणात दिसले की ताठ महाधमनीत हृदयाच्या विसाव्याच्या काळात रक्त मागे येते आणि काही रुग्णांत ते मेंदूकडे जाणाऱ्या शाखांच्या तोंडापर्यंत पोचते. म्हणजे तेथे सुटलेला कण उलट्या वाटेने मेंदूत जाणे शक्य आहे. ज्याचे कारण सापडत नाही अशा पक्षाघातांपैकी काहींचा उलगडा यातून होतो. हे निव्वळ चित्र पाहिल्याशिवाय कोणाच्या ध्यानात आले नसते.

निमगाव केतकीहून किंवा इंदापूरहून कोणा वृद्धाला या चित्रणासाठी पाठवावे, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. ही तपासणी मोठ्या केंद्रांत, जन्मजात हृद्दोष, झडपेचे विकार, महाधमनीचा फुगवटा अशा निवडक कारणांसाठी केली जाते. तिने शिकविलेली गोष्ट मात्र साध्या दाबयंत्राने उपयोगात आणता येते. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, अंथुर्णे या वाटेने निमगाव केतकीस मुक्कामाला येते आणि पुढे इंदापूरकडे जाते. देहूपासून पायी आलेले साठ-सत्तरीचे, क्वचित ऐंशीचे वारकरी त्या दिवसांत आपल्या दारात असतात. आपल्यापैकी अनेक जण तेथे तेल लावणे, पाय दाबणे, मलम-काढे देणे अशी सेवा करतात. या सेवेत एक पट्टा बांधण्याची भर घालावी आणि ‘माउली, रोजची गोळी बरोबर आणली आहे ना?’ हा एक प्रश्न विचारावा. वारीला निघताना गोळ्या घरी राहणे किंवा ‘चालतोय तर औषध कशाला’ म्हणून त्या बंद करणे ही नित्याची गोष्ट आहे.

चालण्याचे महत्त्व मात्र कमी लेखू नये. २०२० साली लंडन येथून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रथमच मॅरेथॉन धावणाऱ्या १३८ व्यक्तींची महाधमनी एम.आर.आय.ने तपासली गेली. सुमारे सहा महिन्यांच्या सरावानंतर व शर्यतीनंतर तिचा ताठपणा इतका कमी झाला की जणू ती चार वर्षांनी तरुण झाली. अधिक वयाच्या व मंद धावणाऱ्यांत लाभ अधिक दिसला. वारी तीन आठवड्यांची असते आणि लंडनचे धावपटू मुख्यतः तरुण-मध्यमवयीन होते, तेव्हा हा निष्कर्ष जसाच्या तसा वारीला लावता येणार नाही. पण वर्षभर नियमित चालणाऱ्या वारकऱ्याला ‘आता वय झाले, बसून राहा’ असा सल्ला देण्यास त्यात आधार नाही, एवढे निश्चित.

‘वयानुसार दाब थोडा जास्त असायचाच’ हे वाक्य तर सोडूनच द्यावयास हवे. केवळ वरचा दाब वाढलेल्या साठीपुढील व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत साध्या मूत्रल औषधाने उपचार केल्यावर पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. २००८ साली ऐंशी वर्षांवरील व्यक्तींवरील चाचणीचे निष्कर्ष आले. तेथेही उपचार घेणाऱ्या गटात एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी कमी होते. महाधमनी जुनी झाली हे खरे, पण तिच्यावरील भार कमी केल्याने मेंदू वाचतो. दाब उतरविताना मात्र खालचा आकडा फार घसरू देऊ नये व वृद्धाला उभे करूनही दाब मोजावा. उठताना येणारी भोवळ आणि पडून मोडलेले खुब्याचे हाड हेही उपचाराचेच परिणाम असू शकतात.

सर्पगंधेचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. कोलकात्याचे कविराज गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद व रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आपले अनुभव मांडले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यापासून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. आपल्या शास्त्राला अभिमान वाटावा असा हा इतिहास आहे. आणि म्हणूनच ती जपून वापरली पाहिजे. सर्पगंधेने नाडी मंदावते, नाक चोंदते, आम्लपित्त वाढते आणि वृद्धांत मनाचे औदासीन्य येते. ॲलोपॅथीच्या गोळ्या चालू असता त्यांत सर्पगंधा घनवटी भर म्हणून देणे, किंवा त्या गोळ्या एकदम थांबवून ती सुरू करणे, या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत.

औषधालयाच्या मालकांनी आणखी काही द्रव्यांकडे या दृष्टीने पाहावे. ज्येष्ठमधातील ग्लिसिराइझिन हा घटक मूत्रपिंडातील एका विकराचे कार्य रोखतो. त्यामुळे शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि दाब चढतो. खोकल्यासाठी चार दिवस दिलेल्या चूर्णाने सहसा बाधा होत नाही. पण आम्लपित्तासाठी महिनोन्‌महिने स्वतःच ज्येष्ठमध नेणारा वृद्ध ग्राहक असेल तर त्याला विचारावे. लवणभास्कर चूर्ण व शंखवटी यांत लवणांचा भाग मोठा आहे. ‘आयुर्वेदिक पाचक’ म्हणून जेवणानंतर रोज घेणाऱ्याच्या आहारातील मीठ कमी करून काय उपयोग? गुडघेदुखीवरील ॲलोपॅथीच्या वेदनाशामक गोळ्याही दाब वाढवितात व दाबाच्या औषधांचा परिणाम कमी करतात. सांधेदुखीची निनावी, लेबल नसलेली चूर्णे तर दुकानात ठेवूच नयेत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याच्या घटना सर्वश्रुत आहेत आणि बदनामी मात्र आयुर्वेदाच्या वाट्याला येते.

अखेरीस एक प्रसंग, जो विरळ असला तरी ओळखता आला पाहिजे. दीर्घकाळ चढलेल्या दाबाने जीर्ण झालेल्या महाधमनीचे आतले अस्तर फाटते आणि रक्त भिंतीच्या थरांत शिरते. छातीत किंवा दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीत अकस्मात, पहिल्या क्षणापासूनच अत्यंत तीव्र, फाडल्यासारखी वेदना होते. उगमाकडील भागात अशी चीर गेली असेल आणि उपचार झाला नाही, तर पहिल्या दोन दिवसांत तासागणिक मृत्यूची शक्यता सुमारे एक ते दोन टक्क्यांनी वाढते, असे पारंपरिक अनुमान आहे. ही वेदना ‘वात धरला’ किंवा ‘गॅस झाला’ म्हणून हिंग्वाष्टक चूर्ण देऊन तासभर वाट पाहण्याची नव्हे. या विकारात एका हाताची नाडी क्षीण किंवा लुप्त होऊ शकते आणि दोन हातांच्या दाबात वीस किंवा त्याहून अधिक अंकांचा फरक पडतो. पुरुषाचा उजवा व स्त्रीचा डावा हात पाहण्याची आपली परंपरा आहे. ती पाळणाऱ्या वैद्याला हा फरक कधीच सापडणार नाही. साठीपुढील प्रत्येक रुग्णाच्या दोन्ही हातांची नाडी पाहावी, पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा दाब मोजून तो केसपेपरवर लिहावा, म्हणजे पुढे कधी फरक पडला तर तो जुना की नवा हे कळेल. वरील वेदना असता गाडीची व्यवस्था करून रुग्णास सी.टी. स्कॅन व शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे, सोबतच्या चिठ्ठीत दोन्ही हातांचे आकडे व वेदना सुरू झाल्याची वेळ लिहावी आणि रक्त पातळ करणारी कोणतीही गोळी स्वतःहून देऊ नये.